नेपाळी-मराठी दुभाषी दीदी, रत्नागिरी: बाळंतपणासाठी घेतलेली सेवा (साडेतीन स्टार, दीड का कापला ते खाली)

हा रिव्ह्यू हॉटेलचा नाही की मिक्सरचा नाही, एका बाईच्या कामाचा आहे. तिचा बोर्ड नाही, कार्ड नाही, मॅपवर पिन नाही. तिचं नाव लिहीत नाहीये कारण ती हॉस्पिटलच्या पगारावर नाही आणि उद्या कोणीतरी विचारायचं की हिला लेबर रूममध्ये कोणी सोडलं. हॉस्पिटलचंही नाव नाही लिहीत, थोडं वाकडं बोलायचंय म्हणून. आणि जिची ही गोष्ट आहे तिला विचारून लिहितेय, दीदीने तिला सगळं नेपाळीत वाचून दाखवलंय, दोन वाक्यं तिने काढायला लावली ती काढली.

तर आमची रत्नागिरीजवळ पावसला आंब्याच्या कलमांची बाग आहे. राखणीला नेपाळी जोडपं, तीन वर्षं झाली आता, बागेतच खोलीत राहतात. रत्नागिरीत ज्याची ज्याची बाग आहे त्याला हे सांगायला नको, फवारणीपासून पेट्या भरेपर्यंत आणि माकडं हाकलण्यापासून रात्रीच्या राखणीपर्यंत सगळं नेपाळी माणसांवर चालतं. आपण सगळ्यांना सरसकट 'गुरखा' म्हणतो, ते वेगळं. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे यायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे येतात, राहतात, संसार करतात आणि मग साहजिकच बाळंतपणंही इथेच होतात. तो गडी बरं हिंदी बोलतो. ती मात्र सुर्खेतकडची, आल्यापासून माझ्याशी बोलली ती "हां भाभी" आणि "नहीं भाभी" एवढंच.

आणि मला वाटायचं की मला नेपाळी समजतं! का तर लिपी आपलीच. तिच्या मोबाईलवर मेसेज आला की मी वाचू शकायची मोठ्याने, अर्धे शब्द ओळखीचे, पेट म्हणजे पोट, पानी म्हणजे पाणी, रगत म्हणजे रक्त, मग अजून काय हवं. आपली कोंकणी आणि नेपाळी दोघी १९९२ ला एकाच घटनादुरुस्तीत आठव्या अनुसूचीत गेल्या, मणिपुरी पण त्यांच्याबरोबर, हे मी शाळेत पाठ केलेलं, त्यामुळे आपल्याच घरातली भाषा अशी एक माझी समजूत. या समजुतीने काय केलं ते आता ऐका.

२०२५ चे गणपती. २७ ऑगस्टला चतुर्थी होती, आदल्या दिवशी हरतालिका, घरात मुंबईचे चौदा पाहुणे, मखर अर्धवट, नारळ खवायचे पडलेले, आणि पावसला पाऊस म्हणजे तुम्हाला माहितीये कसा. ती खळ्यात, म्हणजे अंगणात, छत्री घेऊन उभी. दिवस भरत आलेले. मला म्हणाली "भाभी, हात-खुट्टा सुन्नियो." खुट्टा म्हणजे पाय हे मला येत होतं. सुन्नियो म्हणजे सुन्न झाले, अजून काय असणार! मी तिथूनच ती जिथे दाखवत होती तिथे फोन लावला, म्हटलं पेशंटचे हातपाय सुन्न पडतायत. पलीकडून उत्तर आलं की होतं तसं शेवटच्या महिन्यांत, कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवा, झोपताना कुशी बदला, गणपती झाले की तारखेला घेऊन या. चुकीच्या प्रश्नाला दिलेलं ते बरोबर उत्तर होतं, त्यांना तरी काय बोलणार. मी तिला हिंदीत सांगितलं सब ठीक है, ती म्हणाली "हजुर", आणि मी मोदकांकडे वळले.

सुन्निनु म्हणजे नेपाळीत सुजणं.

हे मला तीन दिवसांनी कळलं. ती सांगत होती हातपाय सुजलेत आणि मी फोनवर सांगत होते बधिर झालेत. समोर उभी होती, मी मान वर करून तिच्या बोटांकडे नुसतं बघितलं असतं तरी दिसलं असतं, बांगड्या रुतलेल्या होत्या मनगटात. पण मला शब्द कळला होता ना, मग बघायचं कशाला.

दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा नवरा धावत आला, हिचं डोकं फुटायला आलंय, उलटी झाली, आणि ती "आँखा तिरमिरायो" म्हणतेय. याचं त्याने हिंदी केलं "चक्कर". माझ्या सासूबाईंनी मात्र तिला बघितलं, चेहरा बघितला, म्हणाल्या "अगो हिचं तोंड बघ केवढं झालंय, गाडी काढा आधी." सासूबाईंना नेपाळी शष्प येत नाही. त्यांनी डोळे वापरले. आँखा तिरमिरायो म्हणजे डोळ्यापुढे काजवे चमकणं, अंधारी येणं, हे नंतर कळलं, आणि ते चक्करपेक्षा फार वेगळं आहे, कारण सूज, डोकं, डोळ्यापुढे काजवे आणि वरच्या पोटात दुखणं हे एकत्र आलं की डॉक्टर सगळ्यात आधी बीपी आणि लघवीतलं प्रोटीन बघतात. पाय तर बहुतेक गरोदर बायकांचे सुजतात, त्यात घाबरण्यासारखं नसतं, पण तोंड-हात अचानक सुजले आणि सोबत हे बाकीचं असलं तर थांबायचं नसतं. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणारा आजार. पुढची पायरी झटके.

गोळप, भाट्याचा पूल, पुढे विसर्जनाहून परतणाऱ्यांची आणि मुंबईच्या गाड्यांची गर्दी, कसं पोचलो ते सोडा. बीपी १७०/११२.

इथून दीदीचा रिव्ह्यू सुरू. हो, मला माहितीये उशीर झाला, पण वरचं सांगितल्याशिवाय तिचं मोल कळणार नाही.

कॅज्युअल्टीतल्या सिस्टरने तिच्या नवऱ्याला दोन प्रश्न विचारले, मला दोन विचारले, आमच्या दोघांची उत्तरं एकमेकांशी जुळेनात म्हटल्यावर तिने टेबलाच्या काचेखालून एक चिठ्ठी काढली आणि नंबर लावला. अर्ध्या तासात रेनकोट घातलेली, स्कूटीवरून आलेली एक तिशीची बाई दारात. मी आधी समजले कोणाची तरी नातेवाईक. तिचे वडील पण बागेत राखणदार होते, ही इथेच मोठी झाली, दहावी मराठी मीडियम, आता शिवणकाम करते, ब्लाऊज फॉल-पिको वगैरे. मराठी आपल्यासारखंच बोलते, "काय ता सांगा पटापट" असं म्हणाली सिस्टरला, मला हसूच आलं त्या परिस्थितीतही.

तिने आल्याआल्या काय केलं, तर नवऱ्याला आणि मला बाहेर काढलं. मला! मी पैसे भरणार, मी गाडी आणली, मला राग आला खरं सांगते. ती म्हणाली "ताई तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा, तुमच्यासमोर ती मालकीण म्हणून बोलणार नाही आणि त्याच्यासमोर नवरा म्हणून." पाच मिनिटांनी डॉक्टर मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी फाईलवरचं 'पहिलं बाळंतपण' खोडलं. आधी एक झालं होतं, गावाला, सातव्या महिन्यात, गेलं. नवराही खोटं बोलत नव्हता, त्याला विचारलं होतं "पहिलं ना?" आणि त्याच्या हिशोबात घरात मूल नाही म्हणजे हे पहिलंच. डॉक्टरच्या हिशोबात आधीचं बाळ पोटात गेलेलं असणं ही केवढी मोठी गोष्ट. तीन महिने ती दाखवायला जात होती, दर वेळी नवरा सोबत, दर वेळी कार्डावर पहिलं.

आता दुसरी गंमत, गंमत म्हणायची का माहीत नाही. पाळीची तारीख. कार्डावर तारीख होती ४ जानेवारी. ती कुठून आली? नाव नोंदवायला नेलं तेव्हा ती म्हणालेली "पुस पाँच गते". मी तिथेच बसलेली, मी हुशारी केली, म्हटलं पुस म्हणजे पौष, पौषातली पंचमी, भिंतीवरच्या कालनिर्णयात बघितलं, ४ जानेवारी, लिहून टाका. दीदीने कार्ड बघितलं आणि विचारलं ही तारीख कोणी काढली. नेपाळमध्ये विक्रम संवत चालतं ते सूर्यावर चालतं, त्यांचा पुस महिना साधारण डिसेंबरच्या मध्यात सुरू होतो, आणि गते म्हणजे तिथी नाही, आपल्या तारखेसारखा सरळ आकडा. पुस पाच गते म्हणजे २० डिसेंबर. पंधरा दिवसांचा फरक! सुरुवातीच्या महिन्यांतली सोनोग्राफी झालेली नव्हती, पहिली झाली तीच सहाव्या महिन्यात, आणि उशिरा केलेल्या सोनोग्राफीत वय एक-दोन आठवडे इकडेतिकडे होतंच म्हणे, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. कार्डाप्रमाणे त्या रात्री ३४ आठवडे पुरे व्हायला एक दिवस बाकी. खऱ्या तारखेने ३६ पूर्ण. मॅडमनी मला नंतर समजावलं की बीपी एवढं असलं की बाळंत होणं हाच खरा इलाज, पण ३४ च्या आत असेल तर बाळाची फुप्फुसं तयार नसतात, स्टिरॉइडची इंजेक्शनं द्यायची का, थोडं थांबता येतंय का, वरच्या हॉस्पिटलला पाठवायचं का, सगळा विचार बदलतो. त्या रात्री पावसात कोल्हापूरला ॲम्ब्युलन्स काढायची का नाही हे एका 'गते'वर अडलेलं होतं.

म्हणून ज्यांच्या बागेत नेपाळी बायका आहेत त्यांना हात जोडून सांगते, पाळीची तारीख तुम्ही काढू नका. तिला त्यांच्याच कॅलेंडरवर बोट ठेवायला सांगा, नेपाळी कॅलेंडरचं ॲप त्यांच्या बहुतेकांच्या फोनमध्ये असतं, त्यात दोन्ही तारखा दिसतात.

मग मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं, झटके येऊ नयेत म्हणून देतात ते. त्याने अंगात एकदम आग झाल्यासारखी होते. ती किंचाळायला लागली, सुई उपटायला निघाली, तिला वाटलं काहीतरी चुकीचं टोचलं. दीदीने मॅडमना आधी विचारलं "असं होणारच असतं का?", हो म्हटल्यावर तिला सांगितलं की अंग तापल्यासारखं होईल, ते औषधाचंच आहे, पण श्वास जड झाला तर लगेच हात वर कर. मग सिस्टर तासातासाला गुडघ्यावर ठोकून बघत होत्या, ते का तेही सांगितलं, नाहीतर ती बिचारी समजत होती की मारतायत. मला इथे तिचं एक फार आवडलं, ती स्वतःच्या मनाने धीर देत नाही. "काही नाही होत गं" हे वाक्य तिच्या तोंडात नाही. डॉक्टरने म्हटलं तर सांगते. मी विचारलं का, तर म्हणाली मी डॉक्टर नाही, आणि मी खोटा धीर दिला तर उद्या ती मी सांगितलेलं खरं पण मानणार नाही.

आणि खोलीत जे काही बोललं जातं ते सगळं सांगते. एक वॉर्डातली मावशी पुटपुटली "ही लोकं शेवटच्या क्षणाला येतात", दीदीने शांतपणे त्याचंही नेपाळी केलं आणि मावशीला सांगितलं मी काय केलं ते. त्यानंतर खोलीत सगळे एकदम सभ्य.

'हजुर' बद्दल लिहायलाच हवं. आपल्याला वाटतं हजुर म्हणजे हो साहेब. नेपाळीत ते हो पण असतं, ऐकतेय पण असतं, आणि आवाज थोडा वर नेला की "काय म्हणालात?" पण असतं. सिझर करायला लागलं तर म्हणून फॉर्म आणला, मराठीत छापलेला, रेसिडेंट मुलाने भराभरा वाचला, ती प्रत्येक वाक्याला "हजुर? हजुर?" आणि त्याने अंगठ्याची शाई काढली. दीदी म्हणाली थांबा, ती चार वेळा विचारतेय की काय म्हणालात. मग मॅडम स्वतः बसल्या, तीन-तीन वाक्यं सांगितली, आणि दीदीने "समजलं का" असं एकदाही विचारलं नाही, तिने विचारलं आता तू तुझ्या सासूला फोनवर कसं सांगशील ते मला सांग. तिने सांगितलं त्यात पहिल्यांदा पिशवी काढून टाकणार असं आलं! परत समजावलं, दुसऱ्यांदा बरोबर आलं, मग सही. अंगठा नाही हां, तिला लिहिता येतं, देवनागरीत झकास सही केली तिने, आधी कोणी विचारलंच नव्हतं. साक्षीदार म्हणून दीदीला सही करायला सांगितलं तर नाही म्हणाली, मी फक्त बोलले. तेही मला पटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळा. यातला एक प्रसंग सिस्टर अजून सांगत असतील. आपण म्हणतो "कळ दे", त्यांच्यात "बल गर". नको म्हणायचं असेल तर आपला नको मागे येतो, त्यांचा न पुढे चिकटतो, "बल नगर". एक अक्षर फक्त. दीदी ओरडली नगर नगर, आणि एक शिकाऊ सिस्टर मला बाहेर येऊन विचारते "पेशंट नगरच्या आहेत का?" हसलो आम्ही खूप नंतर. पण डोकं बाहेर येताना थांब म्हटलेलं असताना जोर लावला तर फाटतं, त्यामुळे त्या एका न ला किती किंमत आहे बघा. आणि मग साल! बाळामागून पडते ती वार, तिला नेपाळीत साल म्हणतात. ती विचारत होती साल पडली का, सगळे कोणतं साल म्हणून बघतायत. पण आपली वार तरी काय, बाहेरून आलेल्याला "वार पडली" म्हटलं तर तो बिचारा कॅलेंडरच बघेल. मुलगी झाली, दोन किलो तीनशे, आल्याआल्या रडली. आई पण ठीक.

मधल्या काळात मी फोनवरचं भाषांतराचं ॲप वापरून बघितलं होतं, दीदी यायच्या आधीचा अर्धा तास, त्याचाही रिव्ह्यू देते, एक स्टार. रेंज येत-जात होती, ती हळू बोलते, बाहेर ढोल. मी मराठीत "कळ येतेय का" टाकलं, त्याने जे नेपाळी दिलं ते मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि ती माझ्याकडे बघतच राहिली, नंतर दीदीने स्क्रीन बघून सांगितलं की तुम्ही तिला विचारलंत बटण येतंय का. पाणी हवं का, बाथरूमला जायचं का, एवढ्याला ॲप ठीक. त्याच्या पुढे नको.

आता दीड स्टार कशाचा कापला.

अर्धा स्टार दीदीचा. तिचं शिक्षण झालेलं नाही या कामाचं, डॉक्टरी शब्द ती ऐकून ऐकून शिकलीये, वही आहे तिची, एका बाजूला मराठी एका बाजूला नेपाळी, पण एकदा "प्लेटलेट" वर अडकली आणि अडकलीये हे सांगायच्या आधी थोडं पुढे गेली, मग मागे आली. मी नंतर वाचलं, २००३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झालेला, मुलांच्या डॉक्टरकडे आलेल्या स्पॅनिश बोलणाऱ्या घरच्या १३ भेटी रेकॉर्ड केल्या तर भाषांतराच्या ३९६ चुका निघाल्या, म्हणजे एका भेटीत सरासरी ३१. हॉस्पिटलच्या दुभाष्यांच्या चुकांपैकी ५३ टक्के त्रास होऊ शकेल अशा, आणि नर्स, सोशल वर्कर, घरचं माणूस असे मिळेल ते दुभाषे घेतले त्यांच्या ७७ टक्के. म्हणजे दुभाषी आहे म्हणून डोळे मिटून बसायचं नाही, पण माझ्यासारखीपेक्षा केव्हाही बरी.

उरलेला पूर्ण स्टार हॉस्पिटलने घालवला, तिच्या खात्यात का लावतेय तर सेवा म्हणून बघितली तर दोघं मिळूनच आहेत. डिस्चार्जच्या दिवशी तिला कोणी बोलावलंच नाही! जीवावरचं संपलं, आता काय भाषा. कार्ड इंग्रजीत, सिस्टरने मराठीत घडाघडा सांगितलं, बीपीच्या गोळ्या, परत कधी यायचं, बाळाला दूध कसं पाजायचं, ती हजुर हजुर. मी अडून बसले, फोन स्पीकरवर लावला, दीदीने मशीन थांबवून वीस मिनिटं दिली. कारण बाळंतपणानंतरही बीपी वर राहू शकतं, झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, डोकं दुखलं, डोळ्यापुढे काजवे आले तर रात्री दोनला पण यायचं, हे तिला तिच्या भाषेत माहीत पाहिजे. आणि बाळाचं. लंडनच्या कोर्टातली एक केस आहे, २०१८ चा निकाल. २००९ मध्ये श्रीलंकेची तमिळ आई, इंग्रजी जेमतेम, पहिलं बाळ, दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं. बाळ नीट दूध पीत नव्हतं, साखर कमी झाली, मेंदूला कायमची इजा. कोर्टाने म्हटलं की दूध पाजण्याबद्दल तिला समजेल असं कोणी सांगितलंच नाही. जन्मताना बाळ तर चांगलं होतं तिचं! लंडनसारख्या ठिकाणी, जिथे दुभाषी फुकट मिळतो. मी हे वाचलं तेव्हा मला आमचं खळं आठवलं, छत्री, आणि माझं "सब ठीक है".

रेट: दिवसा एका भेटीचे ५००, रात्री १०००, फोनवर १००, बाळंतपणाच्या पूर्ण रात्रीचे आम्ही २००० दिले, ती १५०० म्हणत होती. ऑनलाइन पेमेंट चालतं. हे पेशंटने द्यायचे, हॉस्पिटल काही देत नाही, फाईलचे चार्जेस आहेत, गादीचे आहेत, एसीचे आहेत, आपलं म्हणणं डॉक्टरपर्यंत पोचवायचा मात्र कॉलमच नाही. सरकारीत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून, बाळंतपण, औषधं, सिझर, जेवण, जाणं-येणं सगळं फुकट आहे आणि ते चांगलंच आहे, पण भाषा त्यात नाही. ऑस्ट्रेलियात म्हणे डॉक्टर एका नंबरवर फोन करतात, १३१ ४५०, दिवसरात्र, दीडशेच्या वर भाषा. आपल्याकडे १०८ ला फोन केला की गाडी येते, २०१४ पासून येते, तशी एखादी लाईन असली तर काय बिघडेल. रत्नागिरीत शिवणकाम करणारी एक बाई आजारी पडली की अख्ख्या जिल्ह्याचं नेपाळी बंद, ही काय पद्धत झाली.

आणि नेपाळी म्हणजे एकच असंही नाही, बोलावताना आधी विचारून घ्या. कैलाली-बर्दियाकडच्या कितीतरी जणी घरात थारू बोलतात, दीदीला थारू येत नाही आणि ती तसं फोनवरच स्पष्ट सांगते. तसं तर आपल्या मराठीचं तरी काय, लातूर-नांदेडकडून बदली होऊन आलेल्या डॉक्टरपुढे आमची मालवणची मावशी "माका गरगरता" म्हणून बसली की त्यालाही सिस्टरकडेच बघावं लागतं.

मधेच एक डोक्यात आलं ते लिहून टाकते. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला ब्रिटिशांनी इथे १८८६ ला आणून ठेवलं आणि त्याची धाकटी राजकन्या १८८७ मध्ये रत्नागिरीतच जन्मली. राणी बर्मी, सभोवती इंग्रज आणि मराठी. तिच्या कळा चालू असताना मधे कोण उभं होतं आणि काय सांगत होतं, हे मला आता थिबा पॅलेसवरून जाताना दर वेळी वाटतं. आधी फक्त सूर्यास्त बघायचो.

कोणी घ्यावी ही सेवा: ज्यांची बाग आहे त्यांनी, सातव्या महिन्यात नाही, नाव नोंदवतानाच घ्या, पहिल्या भेटीला. कळा सुरू झाल्यावर नंबर शोधत बसू नका. नंबर मी कमेंटमध्ये देणार नाही, तिने नको सांगितलंय, ओळखीतून मागा, मिरकरवाड्याच्या जेट्टीवरच्या नेपाळी खलाशांना विचारलंत तरी मिळेल.

अपडेट, पोरगी आता मजेत आहे, खळ्यात चटईवर पालथी पडते आणि कोंबड्यांवर ओरडते. आईचं बीपी सहा आठवड्यांनी नॉर्मल आलं. बारशाचं तेवढं फसलं. सासूबाई बाराव्या दिवशी पाळणा, घुगऱ्या, झबलं सगळं घेऊन बागेत गेल्या तर तिथे सगळं आवरून सामसूम, त्यांच्यात न्वारन अकराव्या दिवशी असतं, ते आदल्या दिवशीच झालं होतं. तिच्या नवऱ्याने चार दिवस आधी मला सांगितलं होतं म्हणे, मी हो हो म्हटलेलं. सासूबाईंनी तरी पाळणा बांधलाच.